अपग्रेडनंतर लिनक्स रुसलं, तर आधी बघायचं काय?

मोठं अपग्रेड संपलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि लॉगिनच्या जागी नुसती काळी स्क्रीन. किंवा लॉगिन होतं, पण वायफाय गायब. किंवा बाकी सगळं झकास, फक्त आवाज येत नाही. अशा वेळी बहुतेक जण फोनवर शोधाशोध करतात आणि पहिली सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये ठोकतात. ती कुणीतरी कैक वर्षांपूर्वी, वेगळ्याच आवृत्तीसाठी सांगितलेली असते. तिने काही होत नाही म्हणून दुसरी, मग तिसरी. तासाभराने मूळ बिघाड जागच्या जागी असतो आणि त्याच्या डोक्यावर आपणच घातलेले आणखी दोन-तीन बसलेले असतात. मग सगळं पुसून नव्याने टाकायची भाषा सुरू होते.

तशी वेळ खरं तर क्वचितच येते. तक्रारी शंभर प्रकारच्या दिसल्या तरी त्यांची मुळं मोजकी असतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं मूळ म्हणजे डिस्ट्रोबाहेरून (डिस्ट्रो म्हणजे उबुंटूसारखं तयार बांधलेलं लिनक्स) आणून मशीनवर बसवलेलं सॉफ्टवेअर. त्यामुळे काही मोडलं की कमांड शोधण्याआधी स्वतःला विचारायचं: या मशीनवर बाहेरचं असं काय काय आहे?

(या लेखात कमांडही देवनागरीतच लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, हे वेगळं सांगायला नको.)

बाहेरचंच का मोडतं?

डेबियन, उबुंटू, फेडोरा ही मंडळी हजारो पॅकेज एकत्र बांधून, एकमेकांशी जुळतात की नाही ते तपासून एक आवृत्ती काढतात. अपग्रेडमध्ये कर्नल (सिस्टमचा गाभा), लायब्ररी, डेस्कटॉप हे सगळं एकाच वेळी, ठरलेल्या जोडीने पुढे सरकतं. तुम्ही वेगळी जोडलेली रिपॉझिटरी (पॅकेजचं भांडार), पीपीए (उबुंटूसाठी इतरांनी चालवलेलं तसंच भांडार), कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर, गनोम या डेस्कटॉपची एक्स्टेंशन, पिप या पायथनच्या साधनाने थेट सिस्टममध्ये घातलेल्या पायथन लायब्ररी यांना त्या जोडीत जागा नसते. नवी आवृत्ती काढणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो.

उबुंटूचं अपग्रेड साधन म्हणूनच बाहेरच्या रिपॉझिटरी स्वतःहून बंद करून मगच कामाला लागतं. संपल्यावर मात्र त्या आपोआप चालू होतीलच असं नाही. परिणाम लगेच दिसत नाही: त्या रिपॉझिटरीतून घेतलेला ब्राउझर किंवा एडिटर चालत राहतो, फक्त त्याला अपडेट यायचे थांबतात आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. अपग्रेडनंतर पहिल्याच दिवशी 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडून कोणत्या नोंदी बंद पडल्यात ते बघा. ज्या हव्यात त्यांची नव्या आवृत्तीसाठीची नोंद घाला. नको असतील तर त्यांचं पॅकेजही काढून टाका.

कर्नलची गोष्ट याहून रंजक आहे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा एक नियम प्रसिद्ध आहे: कर्नलमधल्या बदलाने वापरकर्त्याचे प्रोग्राम मोडता कामा नयेत. त्यामुळे खूप जुना प्रोग्रामही नव्या कर्नलवर चालू शकतो. पण हा नियम कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातल्या दारापुरता आहे. कर्नलच्या आतली मांडणी, म्हणजे ड्रायव्हर ज्यावर उभे असतात ती, जाणूनबुजून बदलती ठेवलेली आहे. जो ती बदलतो तो कर्नलमध्ये असलेले सगळे ड्रायव्हरही दुरुस्त करतो. जे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतात, उदाहरणार्थ एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर किंवा ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपचा, त्यांना दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बनवून घ्यावं लागतं. अपग्रेडनंतरच्या कितीतरी काळ्या स्क्रीन आणि गायब वायफाय इथून येतात.

गाडी कोणत्या स्टेशनवर थांबली?

मशीन चालू झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत ठरलेला क्रम असतो: मदरबोर्डचं फर्मवेअर, मग ग्रब (कोणती सिस्टम, कोणतं कर्नल सुरू करायचं ते ठरवणारा प्रोग्राम), मग कर्नल आणि त्याच्याबरोबर येणारी इनिटरॅमएफएस नावाची छोटी सुरुवातीची फाइल सिस्टम, मग सिस्टमडी एकेक सेवा उठवतं, मग लॉगिनची स्क्रीन, मग तुमचं सेशन. नेमकं कुठे अडलं हे कळलं की अर्धं काम झालं.

काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक' येऊन रूट (म्हणजे मुख्य) फाइल सिस्टम माउंट करता, म्हणजे जोडता, आली नाही असं म्हणत असेल, तर नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस बनलेलीच नाही किंवा अर्धवट बनली आहे, हा पहिला संशय. आणि त्याचं नेहमीचं कारण अगदी क्षुल्लक: /बूट भरलेलं. डिस्क एनक्रिप्ट केली असेल तर /बूट हे सहसा वेगळं, छोटं पार्टिशन असतं. प्रत्येक कर्नल तिथे आपल्या फाइली ठेवतं, जुनी साचत जातात, आणि अपग्रेडच्या नेमक्या त्या क्षणी जागा संपते. जुन्या कर्नलवरून मशीन सुरू करा, 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने नको असलेली कर्नल काढा आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा. /बूटमध्ये शिरून हाताने फाइली उडवायचा मोह मात्र आवरा. पॅकेज मॅनेजरला वाटत राहतं की त्या तिथेच आहेत.

सुरू होताना दीड मिनिट काहीतरी मोजत बसून मग 'इमर्जन्सी मोड' आला, तर एफएसटॅब फाइल बघा. तिथे नोंद असलेली एखादी डिस्क सापडत नाहीये. सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघतं आणि मग हात टेकतं. बाहेरच्या हार्ड डिस्कच्या नोंदीत 'नोफेल' हा पर्याय घातला की तिच्यापायी अख्खं मशीन अडून बसत नाही.

पासवर्ड बरोबर घेतला जातो आणि पुन्हा लॉगिनचीच स्क्रीन येते, तेव्हा कर्नल, ग्राफिक्स या गोष्टी बहुधा ठीक असतात. अडचण तुमच्या खात्यात असते: /होम काठोकाठ भरलेलं, किंवा कधीतरी सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या (रूटच्या) हक्काने, चालवलेल्या प्रोग्राममुळे होममधल्या एखाद्या फाइलची मालकी रूटकडे गेलेली.

आणि ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो ते: जुनं कर्नल. अपग्रेड नवं कर्नल आणतं, पण मागचं लगेच काढत नाही. फेडोरा तर मुळातच तीन ठेवतं. मशीन सुरू होताना एस्केप, किंवा जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा मेनू आणायचा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन मागचं कर्नल निवडायचं. त्यावर सगळं नीट चाललं तर दोन गोष्टी एकदम साधतात. दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे हे कळतं, आणि शांतपणे दुरुस्ती करायला चालतं मशीन हातात येतं.

काळी स्क्रीन, जरा जवळून

समजा एनव्हिडियाचं कार्ड आहे आणि वर डाव्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतोय. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. अक्षरांतलं लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र काढणारा भाग पडलाय. आत शिरून 'युनेम -आर' विचारलं की आत्ता कोणतं कर्नल चालू आहे ते कळतं. मग 'डीकेएमएस स्टेटस'. डीकेएमएस म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बनवून देणारी यंत्रणा. तिच्या उत्तरात एनव्हिडियाच्या नावापुढे जुन्या कर्नलचा क्रमांक आणि 'इन्स्टॉल्ड' दिसतं, पण युनेमने सांगितलेल्या क्रमांकाची ओळच नसते. याचा अर्थ नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बनलाच नाही. बऱ्याचदा कारण हे की त्या कर्नलचं हेडर्स पॅकेज मशीनवर नाही, आणि त्याशिवाय डीकेएमएसला काही बनवता येत नाही. हेडर्स घाला, 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवा, रीस्टार्ट करा.

ओळ आहे, 'इन्स्टॉल्ड'ही लिहिलंय, तरी चित्र नाही? 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' चालवून बघा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं तर सिक्युअर बूटने ड्रायव्हर अडवलाय, कारण त्यावरची सही फर्मवेअरच्या ओळखीची नाही. अशा मशीनवर अपग्रेड किंवा ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. तिथे 'एन्रोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पण निळी स्क्रीन बघून भलतंच काहीतरी झालं असं वाटतं, माणूस घाईने 'कंटिन्यू' दाबतो, आणि ती स्क्रीन परत येत नाही. 'मॉकयूटिल'च्या 'इम्पोर्ट' पर्यायाने ती सही ओळखणारी किल्ली (मॉक म्हणजे तीच) पुन्हा नोंदवायला टाकली की पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन पुन्हा भेटते.

तिसरी शक्यता वयाची. एनव्हिडिया जुन्या कार्डांना नव्या ड्रायव्हर मालिकांतून वगळत जाते. फर्मी पिढीची कार्ड ३९० मालिकेपर्यंतच, केप्लर ४७० पर्यंत, मॅक्सवेल आणि पास्कलसाठी ५८० ही शेवटची. अपग्रेडने त्यापुढची मालिका बसवली असेल तर ड्रायव्हर कितीही वेळा पुन्हा घातला तरी कार्ड ओळखलं जाणार नाही. डिस्ट्रोमध्ये जुनी मालिका वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते का ते बघायचं, नाहीतर कर्नलमधला नूव्हो ड्रायव्हर वापरायचा. 'एलएसपीसीआय -के' ही कमांड प्रत्येक कार्डाखाली आत्ता कोणता ड्रायव्हर कामावर आहे ते सांगते. वायफायच्या तक्रारीतही हीच कमांड कामी येते.

'नोमोडसेट' हा शब्द या संदर्भात सगळीकडे सुचवला जातो. ग्रबमध्ये 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी तो लिहिला की कर्नल ग्राफिक्सचा मोड स्वतः लावत नाही, आणि मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत का होईना, चित्र दिसतं. दुरुस्तीपुरता तो उत्तम. पण तोच कायमचा ग्रबच्या सेटिंगमध्ये लिहून 'माझं झालं' म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मग लिनक्सवर व्हिडिओ अडखळतो म्हणून तक्रार करणारेही तेच असतात.

कंपनीच्या साइटवरची ती '.रन' फाइल वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पॅकेज मॅनेजरला न सांगता फाइली इकडेतिकडे टाकते आणि पुढच्या अपग्रेडला हिशेब चुकता करते. आधीच वापरली असेल तर अपग्रेडच्या आधी तिच्याच काढून टाकण्याच्या पर्यायाने ती उतरवा.

बिघाड वाटणारे बदल

काही वेळा काहीच मोडलेलं नसतं. डिस्ट्रोने विचारपूर्वक काहीतरी बदललेलं असतं आणि आपण नव्या आवृत्तीची माहिती न वाचता 'यस' दाबलेलं असतं. अशा ठिकाणी जुनं वागणं परत आणायला झगडण्यात अर्थ नसतो, म्हणून ही उदाहरणं ओळखता आली पाहिजेत.

ग्रबच्या मेनूतून विंडोज गायब झालं? २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून शेजारच्या सिस्टम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद असतो. विंडोज डिस्कवर सुखरूप असतं. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) फॉल्स करून 'अपडेट-ग्रब' चालवलं की ते परत दिसतं.

पिप अचानक 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणत काहीच घालू देत नाही? डेबियन १२ पासूनचा हा नियम आहे: सिस्टमचं पायथन सिस्टमच्या पॅकेजांसाठी, तुमचं काम व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे त्या कामापुरत्या वेगळ्या फोल्डरमध्ये. जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट पायथनची आवृत्ती बदलल्यावर बंद पडतात, ती दुरुस्त करत बसू नका, नवी बनवा. त्याच डेबियन १२ ने वायफाय वगैरेंचं फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात हलवलं. ११ वरून येताना सोर्सेस यादीत तो शब्द घातला नसेल तर फर्मवेअरला अपडेट मिळत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये /टीएमपी आता डिस्कवर नसून मेमरीत असतं, म्हणजे तिथे ठेवलेलं रीस्टार्टला जातं आणि एखादी अवाढव्य फाइल तिथे उतरवली तर ती रॅम खाते.

आवाजाचं म्हणाल तर फेडोराने ३४ मध्ये आणि उबुंटूने २२.१० मध्ये पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आणलं. पल्सऑडिओच्या फाइलींमध्ये केलेल्या खटपटी मग लागू पडत नाहीत. नवं कितीतरी बरं आहे, ब्लूटूथच्या बाबतीत तर विशेष. 'सिस्टमसीटीएल --युझर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर' एवढ्यावर बरेचदा आवाज परततो, आणि नाहीच परतला तर सेटिंगमध्ये बाहेर जाणारा आवाज मॉनिटरच्या एचडीएमआयकडे वळलाय का ते बघा. निम्म्या वेळा तेच असतं.

सगळ्यात मोठा बदल वेलँडचा, म्हणजे एक्स-ऑर्गच्या (थोडक्यात एक्सच्या) जागी आलेल्या, स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या यंत्रणेचा. उबुंटू २५.१० मध्ये गनोमचं जुनं एक्स-ऑर्ग सेशनच काढून टाकलं गेलं. दुसऱ्या खिडकीत आपोआप टाइप करणारी, कीबोर्डच्या कळा बदलणारी, अख्ख्या स्क्रीनचं चित्रीकरण करणारी जी साधनं एक्सच्या मोकळेपणावर जगत होती, ती वेलँडमध्ये चालत नाहीत. वेलँड एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू देत नाही आणि हे मुद्दाम केलेलं आहे. अशा साधनाला वेलँडसाठीचा पर्याय शोधणं, किंवा एक्स अजून ठेवणारा डेस्कटॉप घेणं, एवढेच दोन मार्ग.

दोष सिस्टमचा की तुमच्या सेटिंगचा?

डेस्कटॉप येतो पण पॅनल गायब, आयकॉन विस्कटलेले, मध्येच सगळं गोठतं. अशा वेळी एक नवं खातं उघडा आणि त्यातून लॉगिन करा. या चाचणीला काही खर्च नाही, तरी ती फार कमी लोक करतात. नव्या खात्यात सगळं ठीक असेल तर सिस्टम निर्दोष आहे आणि शोध तुमच्या होममधल्या '.कॉन्फिग' आणि '.कॅश' या लपलेल्या फोल्डरपुरता उरला. फोल्डर उडवू नका, नाव बदला. नाव बदलून लॉगिन केलं की डेस्कटॉप कोरं सेटिंग बनवतो, आणि मग जुन्यातलं हवं ते एकेक परत आणता येतं.

गनोम वापरत असाल तर आधी एक्स्टेंशन बंद करा. सप्टेंबर २०२३ च्या गनोम ४५ मध्ये एक्स्टेंशन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे त्या टप्प्यावर प्रत्येक एक्स्टेंशन पुन्हा लिहावं लागलं, आणि ज्यांच्या लेखकांनी सोडून दिलं ती तिथेच संपली.

अर्धवट अपग्रेड

वीज गेली, लॅपटॉप झोपला, डिस्क भरली, आणि अपग्रेड मध्येच तुटलं. डेबियन घराण्यात 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' हा क्रम बहुतेक वेळा गाडी रुळावर आणतो. दुसरी कमांड होकार मागण्याआधी काय काढणार त्याची यादी दाखवते. ती यादी वाचा. तिच्यात 'उबुंटू-डेस्कटॉप' किंवा 'गनोम-शेल' दिसलं तर नकार द्या आणि कोणतं बाहेरचं पॅकेज नव्या लायब्ररींना आडवं येतंय ते शोधा. पीपीएमधून आलेली, नव्या आवृत्तीपेक्षाही पुढचा क्रमांक असलेली पॅकेज इथे नेहमीचे आरोपी. उबुंटूत 'पीपीए-पर्ज' त्यांना डिस्ट्रोच्या आवृत्तीवर परत आणतं.

अपग्रेडच्या मध्ये 'तुमची कॉन्फिग फाइल ठेवू की नवी घालू' असा प्रश्न येतो. तुम्ही स्वतः ती फाइल कधी बदलली नसेल तर नवी घ्या. बदलली असेल तर आपली ठेवा, पण नवी शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने पडून राहते, फेडोरात '.आरपीएमन्यू', आर्चवर '.पॅकन्यू'. नंतर कधीतरी दोन्ही ताडून बघायला हव्यात. जुन्या फाइलमधला रद्द झालेला एक पर्याय सेवा उठू देत नाही, आणि तो दिवसभर सापडत नाही.

लॉग वाचायचा कसा

'सिस्टमसीटीएल --फेल्ड' कोणत्या सेवा पडल्या ते सांगतं. 'जर्नलसीटीएल -बी -पी ३' आत्ताच्या बूटमधल्या चुका दाखवतं, आणि '-बी'च्या पुढे '-१' लिहिलं तर मागच्या, म्हणजे अडकलेल्या बूटच्या. लाल ओळी बघून घाबरायचं कारण नाही, धडधाकट मशीनवरही एसीपीआय आणि ब्लूटूथच्या पाच-सहा असतातच. शेवटच्या ओळीपेक्षा पहिली चूक महत्त्वाची, कारण पुढच्या बऱ्याच तिच्यापायी आलेल्या असतात. जुन्या कर्नलवरचा लॉग आणि नव्यावरचा, दोन्ही फाइलीत घेऊन शेजारी ठेवले तर फरक डोळ्यात भरतो. कुणाला मदत मागायची तर हेच द्या: आधीची आणि आताची आवृत्ती, कार्डाचं नाव, त्या चार ओळी. 'चालत नाही' यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. आणि एका वेळी एकच बदल करून बघा, नाहीतर बरं कशाने झालं तेही कळत नाही.

काहीच सुरू होत नसेल तर

लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरून लिनक्स थेट चालतं अशा पेनड्राइव्हवरून) सुरू करा, मूळ पार्टिशन माउंट करा, /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस त्याला जोडा आणि 'सीएचरूट' करून आत शिरा. तिथून तुम्ही तुमच्याच सिस्टममध्ये असता: ॲप्ट चालतं, इनिटरॅमएफएस बनवता येते, ग्रब पुन्हा बसवता येतं. /बूट आणि ईएफआयचं पार्टिशन वेगळं असेल तर तेही आधी माउंट करायला विसरू नका, नाहीतर सगळं भलत्याच फोल्डरमध्ये लिहिलं जातं.

मागे फिरायचं असेल तर आधीची सोय लागते. डेबियन आणि उबुंटू आवृत्ती खाली उतरवण्याला पाठिंबा देत नाहीत. ओपनसुसेमध्ये बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम आणि स्नॅपर हे साधन मुळातच असल्याने ग्रबमधूनच अपग्रेडपूर्वीचा स्नॅपशॉट (सिस्टमची त्या क्षणाची नोंद) निवडता येतो, आणि या बाबतीत ते इतरांच्या चार पावलं पुढे आहे. बाकीच्यांनी अपग्रेडच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्यावा. टाइमशिफ्ट मुळात फक्त सिस्टमच्या फाइली ठेवतं, होममधले फोटो आणि कागदपत्रं त्यात नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा.

नव्याने टाकणं कधी परवडतं? मशीनवर चार-पाच वर्षांची बाहेरची भर साठलेली आहे आणि त्यातलं काय कशासाठी होतं हेच आठवत नाही, तेव्हा. तिथे दुरुस्तीत दोन संध्याकाळी घालवण्यापेक्षा कोरी सिस्टम बरी. पुसण्याआधी 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'चं उत्तर एका फाइलीत घ्या. तुम्ही स्वतः मागून घेतलेली पॅकेज त्यात सापडतात, जरी मूळ इन्स्टॉलरने टाकलेली काही त्यात मिसळलेली असली तरी. ती फाइल, अख्खं होम आणि /ईटीसी (सिस्टमची सेटिंग) बाहेरच्या डिस्कवर घेतलं, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडते आहे हे एकदा बघितलं, की मग इन्स्टॉलर सुरू करायला हरकत नाही.